करंट जातो, पण परततो का?

झाशीहून ग्वाल्हेरला परतत होतो. शंभर किलोमीटरचा रस्ता, जानेवारीची रात्र, धुकं. हेडलाइट चालू, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर चालू, अधूनमधून वायपर. दतिया मागे पडलं आणि समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा मिणमिणायला लागला. धड पेटलेला नाही, धड विझलेलाही नाही. गाडी मात्र काही झालंच नाही अशा थाटात पळत होती. डबरा येईपर्यंत हेडलाइट हळदीच्या रंगाचे झाले, ब्लोअर दमला. कशीबशी दौलतगंजातल्या घरासमोर गाडी आणून बंद केली. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं ‘टक्’.

मग चारचौघं करतात तेच केलं. नवी बॅटरी घेतली. चार दिवसांनी पुन्हा लाल दिवा. मग एकानं अल्टरनेटर बदलून दिला, जुना ठेवून घेतला, पैसेही दणकून घेतले. आठवड्यानं पुन्हा लाल दिवा. बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, मग बिघडलंय तरी काय?

शेवटी ‘डायनमो, सेल्फ, वायरिंग’ अशी पाटी लावून लिंबाखाली बसणाऱ्या एका उस्तादाकडे गेलो. त्यानं पान्याला हातसुद्धा लावला नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, हेडलाइट लावायला सांगितले, चिकटपट्टीनं बांधलेला मल्टिमीटर काढला. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. एकाच अर्थच्या दोन जागा, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. आलं १.४. त्यानं मान हलवली. “करंट जा तो रहा है भाईसाहब, लौट नहीं रहा.”

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची वेणीसारखी पट्टी गंजून हिरवी झाली होती. तीन-चार धागे तेवढे शाबूत होते. सेल्फ मारताना गाडी महिनाभर कण्हत होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

हा किस्सा इतका लांबवला, कारण पुढे जे सांगायचंय ते सगळं त्या १.४ मध्ये आहे. फक्त गाडीच्या जागी विमान आहे, तेही घरी बांधलेलं, आणि डबऱ्याच्या ढाब्यावर थांबायची सोय नाही.

गच्चीवरचं विमान

विमान घरी बांधतात म्हटलं की लोकांना थट्टा वाटते. पण अमेरिकेत १९५३ साली स्थापन झालेली ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही अशाच हौशी लोकांची संघटना, आणि आज हजारो घरगुती विमानं उडताहेत. आपल्याकडचं ठळक नाव कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, या वैमानिकानं सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली आणि २०२० मध्ये ते धुळ्याला हवेत उठलं.

कारखान्यातून आलेल्या विमानासोबत वायरिंगचा नकाशा येतो, सुट्या भागांची यादी येते, परवानाधारक मेकॅनिक असतो. घरी बांधलेल्या विमानातली प्रत्येक वायर बांधणाऱ्यानं स्वतः ओढलेली असते आणि तिच्या टोकाची टिकली स्वतः दाबलेली असते. नकाशा काढलेला असला तर ठीक, नाहीतर तो त्याच्या डोक्यात. आठ वर्षांपूर्वी रविवारी दुपारी जेवण झाल्यावर दाबलेली टिकली नीट दाबली होती का, हे सांगणारं दुसरं कुणी नसतं. या विमानांच्या विजेच्या तक्रारी म्हणूनच गाडीच्या तक्रारींसारख्या असतात. भागही पुष्कळदा गाडीचेच. अमेरिकेतल्या हौशी बांधणाऱ्यांचा एक आवडता अल्टरनेटर सुझुकी सामुराईचा होता, म्हणजे आपल्या जिप्सीच्या भावंडाचा. छोटा, हलका, चाळीसेक अँपिअरचा.

आमच्या महाराजपुऱ्याच्या तळावरून मिराज उठलं की स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात. त्या जातीच्या विमानांचं विजेचं प्रकरण वेगळं असतं. मोठ्या विमानांत साधारणपणे ११५ व्होल्टची, सेकंदाला ४०० आवर्तनांची उलटसुलट वीज वापरतात. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. एक-दोन माणसांचं, १२ व्होल्टच्या बॅटरीचं विमान डोळ्यांसमोर ठेवा.

विरजण आणि दुधाखालचा गॅस

अल्टरनेटर वीज तयार करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला आधी थोडी वीज द्यावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सायकलच्या जुन्या डायनमोत कायमचं चुंबक असायचं. चाक फिरलं की दिवा लागला. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये तसं चुंबक नसतं. मधल्या फिरत्या भागावर तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून बॅटरीचा करंट सोडला की ते तेवढ्यापुरतं चुंबक होतं. या वेटोळ्याला फील्ड म्हणतात. पट्ट्याच्या जोरावर ते फिरायला लागलं की भोवतीच्या स्थिर वेटोळ्यांत वीज उपजते. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण लावावं तसं हे. दोन-तीन अँपिअर आत घालायचे, चाळीस-पन्नास बाहेर काढायचे.

बॅटरी पार मेलेली असेल तर विरजणच नाही. हातानं प्रोपेलर फिरवून विमानाचं इंजिन चालू करता येतं, पण म्हणून अल्टरनेटर जागा होईलच असं नाही. ‘आता उडता उडता बॅटरी भरेल’ म्हणून निघालेला वैमानिक अर्ध्या तासानं मुक्या रेडिओसमोर बसलेला असतो.

फिरत्या वेटोळ्यात वीज पोचवायची कशी? त्याच्या दांड्यावर तांब्याची दोन कडी असतात आणि त्यांवर स्प्रिंगनं दाबलेले कार्बनचे दोन तुकडे घासत राहतात. मेकॅनिक त्यांना नुसतं ‘कार्बन’ म्हणतात. ते झिजतात. झिजलेला कार्बन कधी टेकतो, कधी सुटतो, म्हणून चार्जिंग येतं-जातं; अल्टरनेटरवर लाकडी मुठीनं हलकेच टकटक केल्यावर ते परत आलं तर कार्बन संपत आले समजावं.

स्थिर वेटोळ्यांतली वीज उलटसुलट वाहते, बॅटरीला मात्र एकाच दिशेची लागते. हे काम सहा डायोड करतात. विहिरीच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो, पाणी वर येऊ देतो, परत जाऊ देत नाही. डायोड हा विजेचा फूटव्हॉल्व्ह.

राहिला रेग्युलेटर. इंजिनाचे फेरे कमी-जास्त होतात, दिवे लागतात-विझतात, तरी व्होल्टेज चौदाच्या आसपास राहिलं पाहिजे. दूध तापवायला ठेवून त्याच्याकडे बघत उभी असलेली बाई गॅस लहान-मोठा करत राहते. रेग्युलेटर तेच करतो, सेकंदात कितीतरी वेळा. वर आलं, फील्डचा करंट कमी कर. खाली गेलं, वाढव.

रोटॅक्स ९१२ या लोकप्रिय लहान इंजिनात मात्र कायमच्या चुंबकाचा जनरेटर इंजिनाच्या पोटातच असतो. एनसीसीचे कॅडेट ज्या व्हायरस मायक्रोलाइटमध्ये उडायला शिकतात, त्यांत हेच इंजिन असतं. तिथे पट्टा नाही, कार्बन नाही, विरजणाची भानगड नाही. पण वीजही जेमतेम अडीचशे वॉटच्या आसपास.

लाल दिवा लागला तरी इंजिन का चालतं?

जुन्या पद्धतीच्या विमान-इंजिनात ठिणगीची सोय मॅग्नेटोनं केलेली असते. मॅग्नेटो म्हणजे स्वतःचं चुंबक, स्वतःचं वेटोळं आणि स्वतःचा बिऱ्हाडखर्च असलेलं छोटं यंत्र. असे दोन असतात, आणि त्यांना बॅटरीशी देणंघेणं नसतं. अल्टरनेटर मेला, बॅटरी मेली, मॅग्नेटोचे सोडून बाकी सगळे स्विच बंद केले तरी इंजिन गुरगुरत राहतं. आजच्या गाडीत पेट्रोल ढकलण्यापासून ठिणगीपर्यंत सगळं बॅटरीवर अवलंबून, म्हणून ती थोडा वेळ शिल्लक विजेवर पळते आणि मग थांबते.

हौशी बांधणाऱ्यांत अलीकडे मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायची फॅशन आहे. पेट्रोल वाचतं, इंजिन गोड चालतं. पण दोन्ही मॅग्नेटो काढून टाकले की विमान गाडीच्या पंक्तीला येऊन बसतं. मग विजेचा बिघाड ही गैरसोय राहत नाही, इंजिन थांबण्याची गोष्ट होते. असं करणाऱ्यानं इग्निशनसाठी वेगळी राखीव बॅटरी ठेवली नसेल तर मी त्याच्या विमानात बसणार नाही.

चौकट: मीटर काय सांगतो (१२ व्होल्टची शिशाची बॅटरी)

इंजिन बंद, बॅटरी रात्रभर विसावलेली: १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९च्या खाली रिकामीच समजा.
सेल्फ मारताना: ९.५च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमली आहे.
इंजिन चालू, दिवे लावलेले: १३.८ ते १४.४ ठीक.
इंजिन चालू, पण १२.५ आणि हळूहळू उतरतंय: चार्जिंग येत नाही.
१५च्या वर: अल्टरनेटरचा स्विच ताबडतोब बंद.
मीटर एसीवर, इंजिन चालू: अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोडवर संशय.

(हे आकडे बेताच्या हवेचे. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं. चौदाच्या वर सतत रेटलं तर ती लवकर सुकते.)

जकातनाके

चौकटीतले आकडे दुखणं आहे की नाही एवढं सांगतात. ते कुठे आहे, हे शोधायची रीत वेगळी, आणि घरी बांधलेल्या विमानाच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. चार्जिंग नाही म्हटलं की माणूस अल्टरनेटर बदलतो, मग रेग्युलेटर, मग बॅटरी. माझ्यासारखं.

वीज वर्तुळात फिरते. अल्टरनेटरच्या जाड वायरीनं बॅटरीच्या पॉझिटिव्हला जाते आणि निगेटिव्हकडून धातूमधून, पट्ट्यांमधून अल्टरनेटरच्या अंगाला परत येते. वाटेतला प्रत्येक सांधा, म्हणजे नट, टिकली, स्विच, फ्यूज, हा एक जकातनाका. चांगला नाका व्होल्टचा शंभरावा हिस्सा घेतो, गंजलेला नाका एक-दीड व्होल्ट खातो. अल्टरनेटर १४.२ देतोय आणि वाटेत १.४ खाल्ले गेले, तर बॅटरीला मिळतात १२.८. भरलेल्या बॅटरीचंच व्होल्टेज १२.६ ते १२.७, त्यामुळे तिच्यात जवळजवळ काहीच जात नाही. अल्टरनेटर निर्दोष, बॅटरी उपाशी.

खाल्लेली वीज नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. १.४ व्होल्ट आणि ३० अँपिअर म्हणजे ४२ वॉट, चांगल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढा ताप, एका सांध्यात. टिकलीशेजारचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं तर तो नाका सापडला.

तपासणी सोपी आहे, पण एका अटीवर: करंट वाहत असताना करायची. बरेच जण इंजिन बंद करून मीटर ओहमवर लावतात, शून्य आलं की ‘वायर ठीक’ म्हणून मोकळे होतात. मीटर त्या वेळी वायरीतून इवलासा करंट सोडतो. धौलपूर आणि मुरैनाच्या मधे चंबळवर पूल आहे. समजा तो बहुतेक खचला आणि एक फळी उरली. सायकलवाला फळीवरून पलीकडे जाईल आणि ‘रस्ता चालू आहे’ म्हणून सांगेल. ट्रक जाईल का? मीटरचा ओहम म्हणजे तो सायकलवाला.

म्हणून ट्रक चालू असतानाच पूल बघायचा. इंजिन चालू, लँडिंग लाइटसकट सगळं चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक सुई अल्टरनेटरच्या बाहेर पडणाऱ्या वायरीच्या नटावर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. ०.२-०.३पर्यंत चालेल. मग एक अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. हा आकडा त्याहून कमी हवा. जास्त आला तर सुई एकेक सांधा पुढे सरकवत जायचं. ज्या दोन सांध्यांच्या मधे आकडा एकदम उडी मारतो, तिथे चोर.

गाडीत बॉनेट उघडून हे करता येतं. विमानात समोर प्रोपेलर फिरत असतो. चालू इंजिनाच्या पोटात हात घालणं म्हणजे जीव धोक्यात. शहाणे लोक इंजिन बंद असताना तपासायच्या जागांना बारीक वायरी तात्पुरत्या जोडतात, पॉझिटिव्हकडच्या प्रत्येकीत एक अँपिअरचा फ्यूज घालतात, त्या कॉकपिटमध्ये आणून सोडतात आणि चाकांना उटी लावून, आत बसून मीटर बघतात.

परतीच्या वाटेचं आणखी एक. पुष्कळ घरगुती विमानं फायबरग्लासची असतात. गाडीची लोखंडी बॉडी परतीची वायर म्हणून काम करते, फायबर करत नाही. तिथे निगेटिव्हचीही वायर मुद्दाम ओढावी लागते. इंजिन रबरी बुशांवर बसलेलं, म्हणजे तेही तुटकच. इंजिनाची अर्थपट्टी ढिली झाली तर सेल्फचे शे-दोनशे अँपिअर परत येतील कुठून? मिळेल त्या वाटेनं. इंजिनाला जोडलेली दुसरी धातूची वस्तू म्हणजे थ्रॉटलची केबल. मग ती गरम होते, कधीकधी आतल्या आत चिकटते. वैमानिक तक्रार लिहितो, ‘थ्रॉटल जड झालाय’, आणि मेकॅनिक तिला तेल घालत बसतो.

डुलणारा काटा

ही तक्रार ऐकली की मला आनंद होतो, कारण हिच्यात डोकं लागतं. जमिनीवर सगळं छान. विमान वर गेलं, काही दिवे लावले की अँपिअरचा काटा डुलायला लागतो. वर, खाली, वर, खाली, दिव्यांचा उजेडही त्याच्याबरोबर. अल्टरनेटर बदलला, डुलतोय. रेग्युलेटर बदलला, डुलतोय.

पुष्कळ लहान विमानांत रेग्युलेटर इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवर असतो आणि त्याला व्होल्टेज कळतं ते लांबून: पॅनेलमागच्या, वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीवरून ब्रेकरमधून, ब्रेकरवरून मास्टर स्विचमधून, तिथून वायरीनं रेग्युलेटरपर्यंत. गोम अशी की याच वायरीनं फील्डचा करंटही जातो. प्रसादाचा द्रोण पोचवणाऱ्यालाच ‘द्रोणात किती होतं ते सांग’ म्हटलंय, आणि तो वाटेत मूठभर खातो.

समजा जुना झालेला स्विच, ब्रेकर आणि दोन टिकल्या मिळून एक दशांश ओहम अडथळा झाला. तीन अँपिअरचं विरजण जाताना त्यात ०.३ व्होल्ट खाल्ले जातात. पट्टीवर १४.२ असतात, रेग्युलेटरला दिसतात १३.९. ‘कमी पडतंय’ म्हणून तो फील्ड वाढवतो. फील्ड वाढला की वाटेतलं खाणंही वाढतं, त्याला आणखी कमी दिसतं, तो आणखी वाढवतो. पट्टीवरचं व्होल्टेज बरंच वर गेल्यावर शेवटी त्याला ‘पुरे’ वाटतं, तो फील्ड कापतो. कापताक्षणी वाटेतलं खाणं थांबतं, खरं व्होल्टेज एकदम दिसतं, तो घाबरून आणखी कापतो. मग खाली. मग पुन्हा वर. काटा डुलतो तो असा.

रेग्युलेटर प्रामाणिक आहे, त्याला बातमी खोटी मिळतेय. मीटरची एक सुई पट्टीवर, दुसरी रेग्युलेटरच्या टोकावर ठेवून मधले व्होल्ट बघा. दोन-तीन दशांश दिसले तर स्विचच्या मागचे स्क्रू, ब्रेकरच्या टिकल्या, भिंतीतून येणारा जोड, एकेक साफ करा. पुष्कळदा चोर दोन पाकळ्यांचा जुना मास्टर स्विचच असतो. कायमचा उपाय म्हणजे बातमीची वायर आणि फील्डची वायर वेगळ्या ओढणं.

शिंद्यांची आगगाडी

रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला तर भानगड निराळी. फील्डला पूर्ण करंट, गॅस मोठा, दुधाजवळ कुणी नाही. व्होल्टेज सोळा, अठरा, त्याच्याही वर. बॅटरी उकळते, रेडिओ भाजतो.

ग्वाल्हेरकराला याची कल्पना द्यायला लांब जावं लागत नाही. जयविलास महालाच्या भोजनगृहात शिंद्यांची चांदीची आगगाडी आहे. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ आणि त्यांवरून पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरणारी विजेवरची इवली गाडी. बाटली उचलली की गाडी थांबते, असं दाखवणारा मोठ्या अभिमानानं सांगतो. लॅरी कॉलिन्स आणि डॉमिनिक लापिएर यांच्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’मध्ये तिचा किस्सा आहे: व्हाइसरॉयसाठी मेजवानी चालू असताना नियंत्रणाच्या फलकात शॉर्ट सर्किट झालं, आणि गाड्या बेभान होऊन पाहुण्यांच्या मांडीवर खाणंपिणं सांडत सुटल्या. किस्सा रंगवलेला असेलही. पण नियंत्रण मेलं की यंत्र थांबतंच असं नाही, सुसाटही सुटतं, हे त्यात बरोबर आहे.

विमानात यावर तोडगा आहे तो मजेशीर. सोळा व्होल्टच्या आसपास ठेवलेलं एक छोटं सर्किट फील्डच्या वायरीवर पहारा देतं. मर्यादा ओलांडली की ते फील्डचा पुरवठा मुद्दाम अर्थला टेकवतं, म्हणजे जाणूनबुजून शॉर्ट करतं. पाच अँपिअरचा ब्रेकर तडकन उडतो, विरजण बंद, अल्टरनेटर मुका. विमान बॅटरीवर येतं, पण सामान वाचतं. म्हणून फील्डचा ब्रेकर उडाला तर तो लहान बाळाच्या तोंडातली चोखणी पडल्यासारखा पुन्हा पुन्हा आत ढकलू नये. फार तर एकदा. जळका वास असेल तर तेही नाही.

आपल्याकडच्या गॅरेजांतली एक जुनी खोड इथेच सांगतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी चालू राहिली तर ‘डायनमो ठीक’. खऱ्या डायनमोच्या काळात ते चालून जायचं. अल्टरनेटर भरात असताना बॅटरी सुटली तर व्होल्टेजची जी उसळी येते, ती डायोड आणि महागडी उपकरणं दोन्ही खाते. विमानात तर हे मुळीच करू नये.

रेडिओतली शीळ

हेडफोनमध्ये बारीक शीळ, इंजिनाचे फेरे वाढवले की तिचा सूर चढतो, कमी केले की उतरतो. अल्टरनेटरचा स्विच बंद केला आणि शीळ थांबली, तर उगम कळला. सहा फूटव्हॉल्व्हांपैकी एक निकामी झाला की वीज सपाट येत नाही, लाटांनी येते. चार्जिंग पूर्ण थांबत नाही, फक्त घटतं. दिवसा उडणाऱ्याला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. डायोड उघडा न पडता गळका झाला तर आणखी चमत्कार: सगळं बंद करून ठेवलेल्या विमानाची बॅटरी रात्रीतून उतरते, कारण पाणी फूटव्हॉल्व्हमधून विहिरीत परत जात असतं. शीळ नेहमी डायोडचीच असते असं नाही. रेडिओची आणि दिव्यांची अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी टेकवली असेल तरी ती येते. फायबरच्या विमानात सगळ्या अर्थ एकाच जागी आणून बांधतात ते यासाठी.

हवेत असताना

शोधाशोध जमिनीवर. हवेत फक्त हिशेब. सतरा अँपिअर-तासाची बॅटरी आहे, चार्जिंग गेलंय. बॅटरी जुनी असेल म्हणून निम्मीच धरा, साडेआठ. लँडिंग लाइट एकटा आठ अँपिअर खातो, म्हणजे तो चालू राहिला तर तासाभरात खेळ खलास. तो बंद, तापणारी उपकरणं बंद, दुसरा रेडिओ बंद. मास्टरचा जाड रिले स्वतःच एक अँपिअरच्या आसपास घेतो, हे लोक विसरतात. एक रेडिओ, एक ट्रान्सपाँडर धरून चारपर्यंत आणलं तर दोन तास मिळतात. तेवढ्यात दिवसाउजेडी धावपट्टी गाठायची. ‘आधी वायर कुठली ते बघू’ म्हणून पॅनेलखाली डोकं घालणाऱ्यांची विमानं बाकी सगळं धडधाकट असताना खाली आली आहेत.

आणि सगळ्यात साधं कारण सगळ्यात शेवटी, कारण प्रत्यक्षातही माणूस तिथे शेवटीच पोचतो: पट्टा. ढिला पट्टा लोड आला की घसरतो, पुलीभोवती काळी भुकटी उडवतो. गाडीत पट्टा बदलणं दहा मिनिटांचं काम. लायकमिंगच्या विमान-इंजिनावर मात्र तो प्रोपेलरच्या मागून जातो, म्हणजे पट्टा बदलायला प्रोपेलर उतरवायचा, आणि परत बसवताना त्याचे बोल्ट मोजून-मापून आवळायचे. म्हणून काही बांधणारे प्रोपेलर चढवतानाच एक जादा पट्टा आत घालून ठेवतात, कशाला घासणार नाही असा बाजूला आवळून बांधतात. हे मी लिंबाखालच्या उस्तादाला सांगितलं, तेव्हा मला वाटलं त्याला नवल वाटेल. त्यानं कार्बनची डबी बंद केली आणि म्हणाला, “ट्रकवाले भी एक्स्ट्रा बेल्ट बाँधके चलते हैं. इसमें हवाई जहाज की क्या बात है?”